शारदा, शपथ आणि सतरा वर्षांचा मुलगा

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, किंवा अभ्यास करतोय असं घरी सांगून कानात इअरफोन घालून पडला असाल, तरी स्वागत आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून टाकतोय. बोलताना घेतलेले दम आणि मधले "म्हणजे बघा ना" काढून टाकलेत. बाकी सगळं तसंच आहे.

सुरुवात करूया आपल्या गोल्फ क्लब मैदानापासून. नाशिकच्या बाहेरच्यांसाठी सांगतो, त्र्यंबक नाक्याजवळ हे मोठं मैदान आहे. सकाळी जॉगिंग करणारे, संध्याकाळी क्रिकेट खेळणारे, बाकावर बसून नुसत्याच गप्पा मारणारे, सगळे तिथे असतात. रणजी ट्रॉफीच्या मॅचेसही तिथे झाल्यात. आता मला सांगा, या मैदानाचं खरं नाव काय? मी माझ्या ओळखीतल्या पाच-सहा जणांना विचारलं. चौघं म्हणाले, "गोल्फ क्लब, अजून काय?" एकीने बरोबर सांगितलं: हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. मग मी तिला विचारलं, हा अनंत कान्हेरे कोण? ती म्हणाली, "ज्याने जॅक्सनला मारलं तो. शाळेत होतं ना." वय किती होतं त्याचं? ते तिला माहीत नव्हतं.

मलाही नव्हतं. शाळेच्या पुस्तकात दोन ओळी असतात. कलेक्टर, गोळ्या, फाशी, हुतात्मा. पुढचा धडा. मी थोडं वाचायला लागलो आणि एका तारखेपाशी अडकलो. कान्हेरेची जन्मतारीख साधारणपणे ७ जानेवारी १८९२ अशी दिली जाते. जॅक्सनवर गोळ्या झाडल्या ती तारीख २१ डिसेंबर १९०९. हिशेब करा. अठरा पूर्ण व्हायला सतरा दिवस बाकी होते.

म्हणजे आजच्या हिशेबाने त्याला मतदान करता आलं नसतं. कार चालवायचं लायसन्स मिळालं नसतं. बारावीतल्या मुलाचं वय. आणि हे सगळं घडलं कुठे, तर नाटकाच्या थिएटरमध्ये. नाटक कुठलं, तर एका कोवळ्या मुलीवर घरचे आणि गाव मिळून काय लादतात, याबद्दलचं. हा योगायोग मला सोडेना. म्हणून आजचा भाग.

आधी नाटक

नाटकाचं नाव 'संगीत शारदा'. लेखक गोविंद बल्लाळ देवल. साल १८९९. त्याआधीची आपली संगीत नाटकं बहुतेक पुराणातली असायची, शकुंतला, सुभद्रा वगैरे. देवलांनी शेजारच्या घरातली गोष्ट रंगमंचावर आणली, म्हणून मराठीतलं पहिलं आधुनिक सामाजिक नाटक म्हणून त्याचं नाव घेतात. 'आधुनिक' म्हटल्यावर हसू नका. तेव्हा ते इतकं ताजं होतं, की बघणाऱ्याला वाटायचं, अरे, हे तर आमच्या गल्लीतच चाललंय.

गोष्ट थोडक्यात सांगतो. कांचनभट नावाचा लोभी बाप. त्याची मुलगी शारदा. भुजंगनाथ नावाचा पंचाहत्तरीचा, पैसेवाला म्हातारा, त्याला पुन्हा बोहल्यावर चढायचंय. भद्रेश्वर दीक्षित नावाचा दलाल मध्यस्थी करतो. पैसे ठरतात. शारदेला कोणी विचारत नाही. आई आहे, इंदिराकाकू, तिला हे पटत नाही, पण नवऱ्यापुढे तिचं चालत नाही. शारदेच्या मैत्रिणी आहेत, त्यात वल्लरी नावाची एक जास्तच चुरचुरीत. त्या नवऱ्या मुलाच्या वयावरून थट्टा करतात. थट्टा गमतीची आहे, प्रेक्षक हसतात. पण ती जिच्यावर चाललीये तिच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आपलं आयुष्य विकलं जातंय आणि आपल्याच ग्रुपला त्यात जोक दिसतोय.

शेवटी कोदंड नावाचा तरुण लग्नमंडपात सगळ्यांसमोर उभा राहतो. भुजंगनाथ आणि शारदेचं गोत्र एकच आहे, ही लपवलेली गोष्ट तो उघड करतो आणि लग्न मोडतं. इथे सगळं छान व्हायला हवं ना? होत नाही. अर्धवट मोडलेल्या लग्नातली मुलगी, आता हिच्याशी कोण लग्न करणार, या विचाराने शारदा नदीवर जीव द्यायला जाते. कोदंड तिला वाचवतो, आणि पुढे दोघांचं लग्न होतं.

एक छोटी गंमत. १९२९ मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदा आला, मुलीचं किमान वय चौदा आणि मुलाचं अठरा ठरवणारा. त्याला लोक 'शारदा कायदा' म्हणतात. खूप जणांना वाटतं, ते नाव या नाटकावरून आलं. खरं तर ते कायदा मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून आलंय. पण मराठी माणसाने ते 'शारदा' असं ऐकलं, आणि का ऐकलं ते कळतं.

आता थिएटर

आता नाशकात या. डिसेंबर १९०९. थंडी. गावात विजयानंद थिएटर. किर्लोस्कर नाटक मंडळी आलेली आहे. ही तेव्हाची सगळ्यात मोठी कंपनी, तरुण बालगंधर्व त्या काळात याच कंपनीत होते. प्रयोग 'शारदा'चा. आणि प्रमुख पाहुणा जिल्ह्याचा कलेक्टर, आर्थर जॅक्सन. त्याची बदली झाली होती, निरोपाचे कार्यक्रम चालू होते, त्यातलाच हा एक.

जॅक्सन हा सिनेमातला मिशीवर ताव मारणारा गोरा व्हिलन नव्हता, आणि म्हणूनच ही गोष्ट अवघड आहे. त्याला संस्कृत यायचं, मराठी यायचं, लोक त्याला 'पंडित जॅक्सन' म्हणायचे. लोककथा, रूढी, समजुती यांची टिपणं तो जमवायचा. त्याच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने ती संपादित करून छापली.

पण हाच जॅक्सन ब्रिटिश सरकारचा कलेक्टरही होता. बाबाराव सावरकर, म्हणजे विनायक सावरकरांचे मोठे भाऊ, यांच्यावर देशभक्तीच्या कविता छापल्याबद्दल राजद्रोहाचा खटला झाला. खटल्यासाठी त्यांना कोर्टाकडे पाठवलं जॅक्सनने. जून १९०९ मध्ये शिक्षा झाली, जन्मठेप काळ्या पाण्याची. कविता छापल्याबद्दल! आज एखादी पोस्ट शेअर केली म्हणून कोणाला आयुष्यभर अंदमानात पाठवलं, तर आपल्याला काय वाटेल? नाशकातल्या पोरांना तेच वाटलं. हा माणूस आपली भाषा गोड बोलतो आणि आपल्याच माणसांना काळ्या पाण्यावर धाडतो, असं ते म्हणत. त्यांचा राग खोटा नव्हता, हे आधी मान्य करून पुढे जाऊ.

२१ डिसेंबरच्या रात्री जॅक्सन थिएटरमध्ये आला. कान्हेरे वाट बघत बसला होता. त्याने ब्राउनिंग पिस्तूल काढलं आणि गोळ्या झाडल्या. जॅक्सन तिथेच गेला. ठरल्याप्रमाणे कान्हेरे स्वतःलाही संपवणार होता. त्याआधीच लोकांनी त्याला धरलं.

शारदेची गोष्ट त्या रात्री शेवटापर्यंत पोचली नसणार.

ग्रुप

आता मागे जाऊया, कारण हा मुलगा एकटा तिथे पोचला नव्हता.

अनंत मूळचा कोकणातला, खेड तालुक्यातल्या आयनी गावचा. शिकायला होता औरंगाबादला, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या राज्यात. तिथे त्याची एका मित्राशी घट्ट मैत्री झाली. त्या मित्राची नाशिकच्या गुप्त मंडळीशी ओळख. मित्राचा मित्र, त्याचा मित्र, असं करत अनंत नाशिकच्या गटात आला. त्याच्या चरित्रांत एक प्रसंग सांगतात, की तू कामाचा आहेस का हे बघायला त्याला चटका सोसून दाखवायला लावलं होतं. त्याने हूं की चूं केलं नाही. पास झाला.

हे वाचून मला कॉलेजच्या हॉस्टेलमधली पहिली आठवडाभराची 'इंट्रो' आठवली. तुम्हालाही काहीतरी आठवलं असेल. परीक्षा कसली, तर तू आमच्यातला आहेस का याची.

नाशिकचा गट कुठून आला? १९०० च्या सुमारास तिळभांडेश्वर गल्लीत 'मित्रमेळा' सुरू झाला. नाव बघा किती साधं आहे. सुरू करणाऱ्यांत विनायक सावरकर, वय सोळा. मुलं जमायची, पुस्तकं वाचायची, वाद घालायची, गणपतीत आणि शिवजयंतीत पोवाडे म्हणायची. कवी गोविंद त्यांच्यासाठी गाणी लिहायचे. त्या वयात असा ग्रुप मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! आपल्यातले कितीतरी जण कुठल्यातरी अशाच ग्रुपमुळे वाचायला लागले, बोलायला लागले. १९०४ मध्ये यातूनच 'अभिनव भारत' झालं, आणि तिथे शपथ आली. गुप्तता आली. कोणाला किती सांगायचं, हे दुसरं कोणीतरी ठरवू लागलं.

आणखी एक साखळी बघा. १८९७ मध्ये पुण्यात चापेकर बंधूंनी रँडला मारलं. त्यांना फाशी झाली. भगूरमध्ये पंधरा वर्षांच्या सावरकरांनी ते वाचलं आणि देवीपुढे शपथ घेतली, असं त्यांनी स्वतः लिहिलंय. १९०८ मध्ये बंगालचा खुदीराम बोस, वय अठरा, फासावर गेला. त्याने आणि त्याच्या साथीदाराने टाकलेल्या बॉम्बने ज्याला मारायचं होतं तो मेलाच नाही. गाडीत एक बाई आणि तिची मुलगी होत्या, त्या मेल्या. जुलै १९०९ मध्ये लंडनला मदनलाल धिंग्राने कर्झन वायलीला गोळ्या घातल्या, ऑगस्टमध्ये त्याला फाशी. आणि डिसेंबरात नाशिक. प्रत्येक पोराने आधीच्या पोराबद्दल पेपरात वाचलं होतं. हातात फोन नव्हता, पण 'त्याने केलं, मग मी का नाही' हे तेव्हाही तितक्याच वेगाने पसरत होतं. पिस्तुलंसुद्धा लंडनहून आली होती. सावरकरांनी तिथून पाठवलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांमधलं एक कान्हेरेच्या हातात होतं.

जॅक्सनच्या बदलीने घाई झाली. तो गेला तर संधी गेली. मग ठरलं, पहिला कान्हेरे. तो चुकला तर विनायक देशपांडे. तोही चुकला तर कृष्णाजी कर्वे. तिघेही थिएटरमध्ये होते.

हा प्लॅन पुन्हा वाचा. सगळ्यात लहान मुलगा सगळ्यात पुढे. कर्वे पदवीधर होता, कायदा शिकत होता. जो नाशिकचा नव्हता, ज्याची जॅक्सनशी समोरासमोर कधी गाठ पडली नव्हती, ज्याला बाहेरून आणून तो माणूस दाखवावा लागला, तो पहिला. मी असं म्हणत नाही, की मोठ्यांनी त्याला फसवलं. तो स्वतःहून पुढे आला होता, आणि मागचे दोघेही मरायच्या तयारीनेच बसले होते. पुढे ते मेलेही. पण स्वतःहून म्हणजे नक्की काय? मागे दोन मित्र पिस्तूल घेऊन बसलेत, तुझ्याकडे बघतायत, हे माहीत असताना खुर्चीवरून उठायचं की नाही, हा निर्णय किती एकट्याचा असतो?

मित्र बघत असताना

याच्यावर एक प्रयोग झालाय. अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये केला. गाडी चालवायचा व्हिडिओ गेम. सिग्नल पिवळा होतो, कधी भिंत येईल सांगता येत नाही, किती वेळ गाडी दामटायची ते तुम्ही ठरवायचं. तीन वयोगट घेतले: तेरा ते सोळा, अठरा ते बावीस, आणि चोवीसच्या पुढचे. काहींना एकट्याने खेळवलं, काहींना मित्रांसमोर. मित्र बघत असताना किशोरवयीन मुलांनी एकट्यापेक्षा खूप जास्त धोका पत्करला. कॉलेजच्या वयाच्यांनीही जास्त पत्करला, पण थोडा कमी. चोवीसच्या पुढच्यांना मित्र असोत नसोत, फारसा फरक पडला नाही.

म्हणजे मूर्खपणा नव्हे. त्या वयात आपल्याला धोका कळत नाही असं नाही. मित्रांच्या नजरेचं वजन जास्त पडतं, एवढंच.

युरोपातही हेच दिसतं. २८ जून १९१४, साराएव्हो. राजपुत्राच्या गाडीच्या रस्त्यावर अंतराअंतराने मुलं उभी होती. एकाचं चुकलं तर पुढचा. चाब्रिनोविचचा बॉम्ब चुकला, तो एकोणीस वर्षांचा. पुढे गाव्रिलो प्रिन्सिपने गोळ्या झाडल्या, तोही एकोणीस. पहिल्या महायुद्धाची ठिणगी ती. तिथल्या कायद्यात विसाव्या वर्षाआधीच्या गुन्ह्याला फाशी नव्हती, म्हणून प्रिन्सिपला वीस वर्षांची कैद झाली, आणि १९१८ मध्ये तो तुरुंगात आजारी पडून मेला.

आपल्याकडे ती सवलत नव्हती. मुंबई हायकोर्टाच्या विशेष न्यायपीठासमोर खटला चालला, २९ मार्च १९१० ला निकाल लागला. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. जॅक्सन गेल्यापासून चार महिनेही झाले नव्हते. आजच्या बाल न्याय कायद्यात अठराच्या आतल्या मुलाला फाशी देताच येत नाही, गुन्हा कितीही मोठा असो. सतरा दिवस, लक्षात आहे ना?

आणि गोष्ट तिघांवर थांबली नाही. या खटल्यात आणखी चौघांना शिक्षा झाली, त्यातल्या तिघांना जन्मठेप. मग नाशिक कट खटला, अडतीस आरोपी. सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली आणि शेवटी दोन जन्मठेपा. नाशकातली घरंच्या घरं विस्कटली.

तो जबाब

आता ज्याच्यासाठी मी हा एपिसोड करायला बसलो, ती गोष्ट.

१९१८ मध्ये रौलट समितीचा अहवाल आला. त्यात नाशिकच्या खुनाबद्दल लिहिलंय आणि कान्हेरेच्या जबाबाचा थोडा भाग दिलाय. शब्द देत नाही, मतितार्थ सांगतो. तो म्हणतो, जुलमाच्या बातम्या मी वर्तमानपत्रांत वाचल्या. साहेबांना मारलं तर आपल्या लोकांना न्याय मिळेल असं मला वाटलं. माझ्यावर स्वतःवर किंवा माझ्या ओळखीच्या कोणावर अन्याय झालेला नाही. आणि मग तो म्हणतो, की जॅक्सनला मारल्याचा मला आता पश्चात्ताप होतोय, एका चांगल्या माणसाला मी विनाकारण मारलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि मी फोन खाली ठेवला.

पण लगेच दुसरी बाजूही बघू. हा जबाब कोणी लिहून घेतला? ज्यांचा अधिकारी मेला, त्यांनीच. कुठे? कोठडीत. मुलगा अठराच्या आसपासचा, एकटा. आणि तो छापला कुठल्या अहवालात, तर ज्याच्या जोरावर पुढच्याच वर्षी रौलट कायदा आला त्या अहवालात. सरकारला असा जबाब हवाच होता. त्यामुळे यावरून 'बघा, त्याला पश्चात्ताप झाला, म्हणजे सगळं चूकच होतं' असं म्हणणारे घाई करतात. आणि 'छे, हे सगळं पोलिसांनी रचलेलं, वाघ कधी असं बोलेल का' असं म्हणणारेही घाई करतात. दोघांनाही तो मुलगा नकोय, त्याचा पुतळा हवाय. एकाला पाडायला, एकाला हार घालायला.

मला वाटतं, दोन्ही खरं असू शकतं. दबावाखाली दिलेल्या जबाबातही एखादं वाक्य मनातलं निघून जातं. ग्रुपपासून पहिल्यांदाच तोडलेला, समोर कोणी मित्र नाही, सतराव्या वर्षी केलेल्या गोष्टीकडे अठराव्या वर्षी बघणारा मुलगा. तो शूर होता यात मला शंका नाही. मरायला तयार असणं खोटं नव्हतं. पण शूर माणसालाही मागाहून प्रश्न पडू शकतो. त्याला तो प्रश्न आधी विचारायला जागा होती का, हे मला महत्त्वाचं वाटतं.

कोदंड आणि शपथ

नाटकाकडे परत येतो. त्या पोरांना कोणी विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, "आम्हीच तर कोदंड! सगळं गाव अन्याय बघतंय आणि गप्प आहे. आम्ही उभे राहिलो." आणि खरं सांगू, मला याचं पटकन उत्तर देता येत नाही. कांचनभटाच्या गावात सगळे मोठे गप्पच होते. नाशकात बाबारावांना जन्मठेप झाली तेव्हा मोठ्यांपैकी किती बोलले? मोठी माणसं गप्प बसली की बोलायचं ओझं पोरांवर येतं. हे आजही होतं.

तरी फरक आहे, आणि तो हिंसेच्या आधीच सुरू होतो. कोदंड मंडपात उघडपणे बोलतो. त्याच्याकडे पुरावा आहे, तो सगळ्यांसमोर मांडतो, कोणीही त्याला उलट विचारू शकतं. शपथ घेतलेल्या गटात उलट विचारताच येत नाही. "खरंच हाच माणूस का? आत्ताच का? अनंत का?" हे विचारणारा भित्रा ठरतो, किंवा फितूर. हेतू चांगला असेल तर प्रश्नांची गरज नाही, असं वाटायला लागतं. उलट आहे. हेतू जितका मोठा, तितका एखादा तरी "एक मिनिट थांब" म्हणणारा हवा.

माझी गोष्ट

हे सगळं बोलायचा मला काय अधिकार? सांगतो. हे मी माझ्या घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

मी नववीत होतो. नाशकातल्याच एका खाजगी क्लासला जायचो, नाव महत्त्वाचं नाही. आम्ही सहा जण. एके दिवशी सर यायच्या आधी वर्गात बॉल खेळताना प्रोजेक्टर पडला आणि फुटला. बॉल माझा नव्हता, पण मारलेला शॉट माझा होता. आमच्यातला एक, जरा दादा होता, म्हणाला, "आईशप्पथ, कोणी बोलायचं नाही." सहा हात एकावर एक. मला आठवतंय, मला भीती वाटली नव्हती. मला भारी वाटलं होतं. मी 'आत' होतो.

संशय गेला तिथल्या शिपाईकाकांवर, कारण खोलीची किल्ली त्यांच्याकडे असायची. ते म्हणत होते, मी नाही. आम्हाला विचारलं. सहा जण, सहा वेळा "माहीत नाही सर." पुढच्या आठवड्यात काका दिसले नाहीत. नवीन माणूस आला. कोणीतरी म्हणालं, काढलं त्यांना. आम्ही खाली गाडीवर वडापाव खात होतो तेव्हा हे कळलं. एक जण हळूच म्हणाला, "सांगायचं का?" आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. तो गप्प झाला.

तो विचारणारा मी नव्हतो. मी बघणाऱ्यांत होतो.

कान्हेरेची गोष्ट आणि माझी, यांची तुलना होऊच शकत नाही, माहितीये मला. तिथे देश होता, मरण होतं. इथे एक फुटका प्रोजेक्टर आणि माझी फी वाचवणारं खोटं. पण ती नजर मी ओळखतो. "सांगायचं का" म्हणणाऱ्याला गप्प करणारी नजर. ती कशी टाकतात हे मला माहितीये, कारण मी टाकलीये.

या एपिसोडची तयारी करताना मी त्या मुलाला फोन केला. आता तो पुण्यात असतो. इकडचं तिकडचं बोलून मी विषय काढला. तो म्हणाला, "अरे, मी त्यानंतर एकदा गेलो होतो काकांच्या घराकडे. पंचवटीत राहायचे. दारापर्यंत गेलो आणि परत आलो." थोड्या वेळाने म्हणाला, "तुम्ही कोणी बरोबर असता तर गेलो असतो आत."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. एका ग्रुपने त्याला गप्प केलं होतं, आणि आत जायलाही त्याला बरोबर कोणीतरीच हवं होतं. एक जण पुरला असता.

आम्ही दोघांनी ठरवलंय, पुढच्या महिन्यात तो नाशकात आला की काकांचा पत्ता शोधायचा. ते तिथे असतील का, आम्हाला ओळखतील का, दारातूनच हाकलतील का, काहीच माहीत नाही. हाकललं तर त्यांचा हक्कच आहे. जे होईल ते इथे सांगेन, आणि काकांना नको असेल तर नाही सांगणार.

तोवर तुमच्यासाठी एक काम. पुढच्या वेळी गोल्फ क्लबवर गेलात तर पाटीवरचं नाव वाचा, आणि बरोबरच्या मित्राला त्याचं वय सांगा. आणि तुमच्या ग्रुपमध्ये कोणी हळूच "एक मिनिट, हे बरोबर आहे का?" असं म्हणालं, तर त्याच्याकडे तसं बघू नका. त्याचं पूर्ण ऐकून घ्या.

चला, आज इतकंच. बरं वाटलं बोलून. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.